ताट आपल्यासमोर येतं तेव्हा

आमच्या ऑफिसात एक वाक्य महिन्यातून दोनदा तरी कानावर पडतं : "हा रिलीज म्हणजे तारेवरची कसरत आहे." खराडीतल्या एसी मीटिंग रूममध्ये, हातात कॉफीचा कप धरून, मऊ खुर्चीत बसून आम्ही सगळे माना डोलावतो. आपण काहीतरी अवघड आणि धोक्याचं करतोय असं वाटून बरंही वाटतं.

मागच्या वर्षी अशाच एका मीटिंगमध्ये दुसऱ्या टीमचा डेमो फसला. स्क्रीन अडकली, लॉगिन होईना, तिघं जण एकाच वेळी बोलायला लागले. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "काय डोंबाऱ्याचा खेळ लावलाय!" सगळे हसले. मीही हसलो.

रात्री घरी जाताना लक्षात आलं, की ही दोन्ही वाक्यं एकाच माणसावरून आली आहेत. दोरावर चालणाऱ्या माणसाचं कौशल्य आपण स्वतःच्या कौतुकासाठी वापरतो आणि त्याच्या जातीचं नाव दुसऱ्याची टर उडवायला. कसरत आपली, फजिती त्याची. हे लक्षात येऊन मी अस्वस्थ झालो, कारण ती कसरत करणारी एक मुलगी मला माहीत होती. आणि मी तिच्याशी खोटं बोललो होतो.

मी नव्हतो

माझं गाव शिरूर तालुक्यातलं. मी चौथीत होतो तेव्हा गावाबाहेरच्या मोकळ्या रानात पाच-सहा पालं पडली. त्यातली एक मुलगी आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत येऊन बसायला लागली. वयाने आमच्याहून थोडी मोठी होती. पीटीच्या तासाला ती हातांवर चालत अख्खं मैदान ओलांडायची. गुरुजी आम्हाला टाळ्या वाजवायला लावायचे आणि आम्ही मनापासून वाजवायचो.

एकदा वडिलांबरोबर शिरूरच्या बाजारात गेलो होतो. गर्दीचं रिंगण दिसलं, ढोलकं ऐकू आलं, आणि मी माणसांच्या पायांतून घुसत पुढे गेलो. बांबूच्या दोन कैच्यांवर दोर ताणला होता. दोरावर ती होती. हातात तोल सांभाळायची लांब काठी, डोक्यावर एकावर एक ठेवलेले तांबे. मधोमध आल्यावर तिने मला पाहिलं आणि ओळखीचं हसली.

खेळ संपला. तिची आई स्टीलचं ताट घेऊन रिंगणातून फिरायला लागली. माझ्या खिशात दोन रुपये होते, गारीगारसाठी मिळालेले. ताट चार माणसांवर आलं तसा मी मागे सरकलो आणि गर्दीतून निसटलो.

सोमवारी शाळेत तिने विचारलं, "बाजारात तू व्हतास ना?"

मी म्हणालो, "मी? नाही. मी नव्हतो."

तिने पुन्हा विचारलं नाही. काही दिवसांनी पालं उठली. हजेरीपटावर तिच्या नावापुढे बरेच दिवस गैरहजेरी लागत राहिली.

दोन रुपयांची गोष्ट अठरा-एकोणीस वर्षं लक्षात राहावी एवढी मोठी नाही. माझ्या लक्षात राहिलं ते "मी नव्हतो". पैसे न देणं मला जमलं, पण मी तिथे असल्याचं कबूल करून पैसे न देणं जमलं नाही. म्हणजे नऊ वर्षांच्या मलाही कुठेतरी कळत होतं, की पाहिलं असेल तर काहीतरी देणं लागतं.

पसाभर ज्वारी

हे मला शिकवलं होतं माझ्या आजीने. आजोळ दौंडला. सुट्टी लागली की शिरूरहून न्हावरा, चौफुला करत एसटीने दौंड गाठायचं. रस्ता सगळा उसातून आणि गुऱ्हाळांच्या धुरातून जाणारा. आजीच्या आळीत कधी डोंबारी यायचे, कधी वासुदेव, कधी नंदीवाला. आम्ही पोरं बघून घरात पळालो, की आजी दारात अडवायची : "बघितलंस ना? मग जा, पसाभर ज्वारी घालून ये."

आजीच्या लेखी ते दान नव्हतं. किराणावाल्याकडून वस्तू आणल्यावर पैसे द्यावेत, तसा तो व्यवहार होता. बघितलं, म्हणजे घेतलं.

पण आजीला मी उगाच मोठं करणार नाही. ज्वारी ती सुपातून वरून टाकायची. पाणी मागितलं तर तांब्याने वरून ओतायची, ओंजळीत. ओट्याच्या पुढे कुणी येत नसे. गावगाड्यात बलुतेदारांचा वाटा निदान ठरलेला असायचा. या फिरस्त्यांना मिळायचं ते देणाऱ्याच्या मनावर. म्हणजे जुन्या काळी कलेची कदर होती आणि आता ती गेली, असं साधं गणित नाही. आजी देणं फेडायची, पण माणूस लांब ठेवून. मी माणुसकीच्या गप्पा मारतो आणि देणं बुडवतो.

बुडवतो, असं वर्तमानकाळात म्हणतोय, कारण दोन वर्षांपूर्वी ते पुन्हा घडलं.

मामेभावाच्या लग्नासाठी दौंडला गेलो होतो. बाजारपेठेत खेळ चालू होता. आता ढोलक्याच्या जागी ब्लूटूथ स्पीकर होता, त्यावर सिनेमाची गाणी. सात-आठ वर्षांची मुलगी दोरावर पायाखाली लोखंडी रिंग घेऊन चालत होती. मी मोबाईल काढला, पुढे जाऊन चांगला अँगल घेतला, चाळीस सेकंदांची क्लिप केली. ताट यायच्या आत मामाचा फोन आला आणि मी निघालो. रात्री रील टाकलं. खाली लिहिलं : "खरं टॅलेंट रस्त्यावर आहे." आठवड्यात चाळीस हजार व्ह्यूज. माझ्या कुठल्याही रीलला त्याआधी हजारही मिळाले नव्हते. लोकांनी हात जोडलेल्या, रडणाऱ्या, टाळ्यांच्या इमोजी टाकल्या. एकाने विचारलं, "ब्रो, त्यांना काही दिलंस का?" मी ती कमेंट डिलीट केली.

पुन्हा तेच : मी नव्हतो.

न मागता दिलेलं

एका मित्राशी यावर वाद झाला. तो म्हणाला, "तू तिला खेळ करायला सांगितलं होतंस का? नाही ना? मग देणं कसलं? उद्या कुणी माझ्या गाडीची काच न विचारता पुसली, तर मी त्याचा कर्जदार होतो का?"

मुद्दा पोकळ नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक याने १९७४ च्या आपल्या पुस्तकात जवळपास हाच मांडला होता. समजा, तुमच्या वस्तीने लाऊडस्पीकर लावला आणि रोज एक शेजारी त्यावर गाणी, किस्से ऐकवतो. तुम्ही खिडकीतून ऐकता, मजाही येते. मग तुमची पाळी आल्यावर तुम्ही एक दिवस द्यायलाच हवा का? नोझिक म्हणतो, नाही. न मागता अंगावर आलेल्या फायद्याने माणूस बांधला जात नाही.

मला हे पटतं. पण मी खिडकीत नव्हतो. शिरूरला मी लोकांच्या पायांतून घुसून पुढे गेलो होतो, दौंडला अँगल शोधत. रस्त्यावरचा खेळ ऐकू येणं वेगळं आणि रिंगणात उभं राहणं वेगळं. रिंगणाला तिकीट नसतं, दार नसतं, म्हणून तिथे थांबणं हाच होकार असतो. खेळ करणाऱ्याने सगळा धोका आधी पत्करलेला असतो : आधी दोर, मग ताट. जत्रेतल्या तमाशाच्या फडाला गाव आधी सुपारी देतं, पट्टी गोळा करून बोली ठरवतं. डोंबाऱ्याला अशी सुपारी नसते. तो आपल्यावर विश्वास ठेवून आधी काम करतो. आमच्या धंद्यात ॲडव्हान्सशिवाय कुणी कोडची एक ओळ लिहीत नाही.

भीक की बिदागी

या ताटातल्या पैशाला काय म्हणायचं, हा प्रश्न कायद्यालाही पडला आहे. १९५९ च्या मुंबईच्या भीक प्रतिबंधक कायद्यात भीक मागण्याची व्याख्या आहे. सार्वजनिक जागी भिक्षा मागणं किंवा घेणं तर त्यात येतंच. पण गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं अशा 'बहाण्याने' ती घेणंही येतं. बहाणा! दहा फुटांवर दोरावर चालणं हा बहाणा. हा कायदा दिल्लीलाही लावला गेला होता; तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी त्यातली कलमं दिल्लीपुरती रद्द केली.

ही नजर फक्त आपल्याकडची नाही. अमेरिका इंग्रजांची वसाहत होती तेव्हा, १७७३ मध्ये, कनेक्टिकटने फिरत्या खेळवाल्यांविरुद्ध कायदा केला. अंगाच्या चपळाईचे खेळ कुठल्याही उपयोगाचे नाहीत, असं त्यात मानलं होतं. पुढे वीसच वर्षांनी, १७९३ मध्ये, जॉन बिल रिकेट्स या घोडेस्वाराने फिलाडेल्फियात सर्कस उघडली आणि राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन स्वतः ती पाहायला गेले. आपल्याकडे १८८० मध्ये विष्णुपंत छत्र्यांनी 'ग्रेट इंडियन सर्कस' काढली आणि त्यांचं नाव आजही आदराने घेतलं जातं. कायद्याला निरुपयोगी वाटलेली चपळाई आणि सर्कशीतली चपळाई यांत माझ्या मते फरक एवढाच, की खेळाभोवती भिंत उभी राहिली आणि दारात तिकीट आलं.

भिंत नसली तरी नाव चांगलं असून चालतं. मल्लखांब घ्या. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी तो पुन्हा उभा केला. त्यातला दोरीवरचा मल्लखांब पाहिलात तर अंगावर काटा येतो. तो शिकवणारे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि ती मिळायलाच हवी होती. पण तोच लवचीक देह, तोच दोर, तोच तोल. व्यायामशाळेत त्याला साधना म्हणतात, बाजारात भीक.

भीक आणि बिदागी यांतला फरक नोटेवर छापलेला नसतो. तो देणाऱ्याच्या नजरेत असतो. दहाची नोट दुरून ताटात भिरकावली तर ती भीक. "झकास झालं" म्हणून हातात दिली तर बिदागी. तेवढं तरी आपल्या हातात आहे.

पण ती लहान आहे

इथवर आलं की सगळ्यात अवघड आक्षेप येतो. दोरावर लहान मूल आहे. पैसे देणं म्हणजे उद्या तिला पुन्हा दोरावर चढवणं. मग न देणं हेच खरं माणुसकीचं नाही का?

दौंडहून परतताना मी हेच स्वतःला सांगत होतो. नंतर एक गोष्ट टोचली. हा विचार मला खेळ चालू असताना सुचला नव्हता. अँगल शोधताना सुचला नव्हता. ताट न चुकवता आलं असतं तर सुचला असता का, कोण जाणे. मुलांच्या हक्कांची आठवण नेमकी पाकीट काढायच्या क्षणी होत असेल, तर ती तत्त्वाची आठवण नाही, पाकिटाची आहे. मूल दोरावर असू नये असं खरंच वाटत असेल, तर पाहायलाही थांबू नये. पाहायचं, चित्रित करायचं आणि मग तत्त्वासाठी पैसे वाचवायचे, हे चालणार नाही.

तरीही आक्षेप उरतोच. ती पडू शकते. खाली जाळी नसते. ती शाळेत असायला हवी. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सर्कशीत मुलांना काम करायला लावण्यावर बंदी आणायला सांगितलं, ते योग्यच होतं. पण २०१६ मध्ये बालमजुरीचा कायदा बदलला तेव्हा चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाची बंदी करताना एक अपवाद ठेवला गेला : सिनेमा, मालिका, जाहिराती यांतले बालकलाकार. अटींसह, शाळा बुडू न देता, चालतील. सर्कस मात्र नाही. टीव्हीच्या स्टेजवर सात वर्षांची मुलगी कापडाला लटकून गिरक्या घेते तेव्हा परीक्षक डोळे पुसतात आणि आई-बाबांना स्टेजवर बोलावतात. बाजारातल्या आई-बाबांना आपण मनातल्या मनात निर्दय ठरवून मोकळे होतो. मूल दोन्हीकडे मूलच आहे. एकीकडे विमा, जाळी, करार आणि शाळेची रजा आहे. दुसरीकडे यांतलं काही नाही, कारण ते कुणी दिलेलं नाही.

म्हणून मला वाटतं, इथे दोन वेगळी देणी आहेत आणि आपण एक पुढे करून दुसरं चुकवतो. पाहिल्याचं देणं रिंगणात, तिथल्या तिथे, रोख. मुलीच्या बालपणाचं देणं त्या ताटात मावतच नाही. ते सगळ्या समाजावर आहे, आणि तिथे माझा वाटा काय, हा प्रश्न मी टाळत होतो. तो माझ्याच लॅपटॉपवर सापडला.

लाल चांदणी

नोकरीच्या पहिल्या वर्षात मी ऑनलाइन फॉर्म बनवायचो. 'कायमचा पत्ता' या रकान्यापुढे लाल चांदणी असायची : भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ती अट मी स्वतः लिहिली होती. तीन ओळींचा कोड. रकाना रिकामा ठेवला की लाल अक्षरांत सूचना येते : 'कृपया वैध पत्ता भरा.'

महाराष्ट्रात कोल्हाटी-डोंबारी समाज भटक्या जमाती (ब) या प्रवर्गात येतो. या प्रवर्गाला राज्यात अडीच टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी जातीचा दाखला लागतो, आणि विमुक्त-भटक्यांच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ ही तारीख मानली जाते. त्या तारखेच्या आधीपासून तुमचं कुटुंब कुठे राहत होतं, याचा पुरावा आणा. ज्यांचं जगणंच आज या गावात आणि उद्या त्या गावात, त्यांना आपण विचारतो : तुमचे आजोबा त्या दिवशी कुठल्या पत्त्यावर होते? कुणी पालावर होतं, कुणी रस्त्यात. शाळेच्या दाखल्यावर नोंद असती तर चाललं असतं, पण पालं उठली की हजेरीपटावर नुसती गैरहजेरी उरते. ती कशी लागत जाते, हे मी चौथीत रोज पाहिलं होतं.

गेल्या वर्षी आमच्या एका जुन्या फॉर्मची दुरुस्ती माझ्याकडे आली. मी सुचवलं, की पत्त्याच्या रकान्यात 'ठरावीक पत्ता नाही' असा पर्याय ठेवू, संपर्कासाठी मोबाईल नंबर घेऊ. मीटिंगमध्ये कुणी विरोध केला नाही. सूचना यादीत गेली. अजून यादीतच आहे. मी दर महिन्याला ती वर काढतो. यात मर्दुमकी काही नाही, हे मला माहीत आहे. पण इमोजी टाकण्यापेक्षा ते माझ्या कामाच्या जास्त जवळचं आहे.

नंबर बी टाका

जुलै २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये, पुण्याच्या रस्त्यावर काठ्या फिरवणाऱ्या ८५ वर्षांच्या शांताबाई पवारांचा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. देशभरातून मदत आली, मंत्री भेटून गेले. चांगलं झालं. पण एवढी वर्षं त्या रस्त्यावर काठी फिरवत होत्या तेव्हा बघणारे काही कमी नव्हते. व्हायरल होणं ही लॉटरी आहे, आणि लॉटरी म्हणजे मोबदला नव्हे.

या दिवाळीत गावी गेलो तेव्हा शिरूरच्या स्टँडजवळ खेळ लागला होता. मी थांबलो, पूर्ण पाहिला, मोबाईल खिशातच ठेवला. ताट आलं तेव्हा नोट बाईंच्या हातात दिली आणि म्हणालो, "ताई, भारी झाला खेळ. पुढच्या खेळाचा व्हिडिओ केला तर चालेल का? मोबाईलवर टाकीन."

मला वाटलं होतं, त्या एकतर लाजतील नाहीतर चिडतील. त्या म्हणाल्या, "टाका की दादा. पन त्याच्याखाली आमचा नंबर बी टाका. शाळंत, लग्नात, कुटंबी बोलवा म्हनावं. आमी येतो."

मी कणव घेऊन गेलो होतो, त्यांना ऑर्डर हवी होती. आपल्या कामाची किंमत त्यांना माझ्याआधीच ठाऊक होती.

दोरावरून उतरलेली मुलगी शेजारी बसून पायाला लागलेली माती झटकत होती. मी विचारलं, "कितवीत आहेस?"

"तिसरीत."

"शाळा कुठंय?"

तिने आधी आईकडे पाहिलं. मग काठीने न्हावऱ्याच्या बाजूला दाखवलं, थोडं थांबली, आणि काठी फिरवून नगरच्या बाजूला दाखवलं.